उर्फ

अप्पा बळवंत चौकात ऐंशी रुपयांना मिळालेला
कायद्याचा जुना कोश, 'एम'पासून पुढे वाळवी लागलेला,
म्हणून माझं कायद्याचं इंग्रजी
'लिएन'पर्यंत पक्कं आहे.
पुढचं मी कात्रजच्या बसमध्ये
झुलेखाच्या वहीतून उतरवते,
उभ्यानं, कागद तिच्याच पाठीवर टेकवून.

बारावीपर्यंत मराठी माध्यम, भोरला.
'कन्सिडर' म्हणजे विचार करणे, हे पाठ होतं.
इथं पहिल्याच आठवड्यात कळलं,
कन्सिडरेशन म्हणजे मोबदला.
'सर्व्हिस' म्हणजे समन्स हातात ठेवणे.
'इश्यू' म्हणजे मूलबाळ, आणि वादाचा मुद्दाही.
आमच्या मावशीच्या सासरी दोन्ही एकच होतं.
'एक्झिक्यूशन'ला मी फाशी म्हणाले,
अंत्रोळीकर मॅडम चष्म्यावरून बघत राहिल्या.
"दिवाणीत आहोत आपण. दरखास्त.
इथं कुणी मरत नाही, फक्त वर्षं जातात."
वर्ग हसला. मी समासात लिहून घेतलं:
कुणी मरत नाही.

दुपारी शिवाजीनगर कोर्टाबाहेर
घोटवडेकरांच्या टेबलावर मी टाइप करते.
एक छत्री, स्टँप पेपर,
ते उडू नयेत म्हणून वर मुळा-मुठेतला दगड.
घोटवडेकरांचं इंग्रजी म्हणजे
एकोणतीस वर्षांत न बदललेले चार नमुने.
अर्थ विचारला की म्हणतात,
"अर्थ वकिलाकडे. आपल्याकडे स्पेलिंग."
'हिअरइनआफ्टर' मी एकदा तोडून पाहिला.
इथं, आत, नंतर.
आळीतलं घर सांगावं तसा.

मंगळवारी एक बाई आल्या, खडकीहून.
नवरा दारूगोळा कारखान्यातून रिटायर झालेला, आता गेलेला.
शाळेच्या दाखल्यावर नाव गजरा,
सासरी तांदळात अंगठीनं लिहिलेलं शालिनी.
पेन्शनवाल्यांना लेखी हवं होतं
की या दोघी एकच.
नमुना क्रमांक तीन.
मी टाइप केला, मग मराठी करत करत वाचून दाखवला.
डेपोनंट, म्हणजे तुम्ही.
सेड, म्हणजे सदर. तुम्हीच.
हिअरइनआफ्टर, यापुढे. यापुढेही तुम्हीच.
"एवढ्या वेळा मीच?" त्या म्हणाल्या,
आणि पदरानं कपाळ पुसून,
"पण एक नव्हत्या गं त्या.
गजरा पोहायची. घोडनदीच्या डोहात, वरून उडी टाकून.
शालिनीला तर बादलीतल्या पाण्याचीही भीती."

"ते नको लिहू," घोटवडेकर म्हणाले,
मान वर न करता, पण आवाज खाली आणून.
मी लिहिणार नव्हतेच. कुठे लिहिणार?
'वन अँड द सेम पर्सन' या ओळीत
डोहाला जागाच नव्हती,
आणि ओळ खोडली असती तर पेन्शन अडली असती.
बाईंनी पेन धरलं, ग काढला, थांबल्या.
"कुठली सही करू?"
"पासबुकावरची."
मग दुसरा कागद, दुसरा स्टँप,
त्याचे पैसे घोटवडेकरांनी घेतले नाहीत,
आणि तो ग लिहिलेला पहिला कागद
मी घडी करून पर्समध्ये टाकला. का, माहीत नाही.

रात्री बसमध्ये झुलेखा शब्द विचारत होती.
वहीत डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी,
मधे मी नेहमी टाकते तशी बरोबरची खूण, दोन आडव्या रेघा.
"प्रेयर?"
दाव्याच्या शेवटी काय हवं ते मागायचं असतं, ते.
प्रार्थना लिहिलं होतं, खोडलं. विनंती लिहिलं होतं, खोडलं.
उजवीकडे आता फक्त खाडाखोड होती
आणि मधे त्या दोन रेघा,
काठांसारख्या.

"सांग ना," झुलेखा म्हणाली, "स्वारगेट आलं."
मी म्हटलं, मागणी.
परीक्षेत चालेल.